उभं पीक

फेब्रुवारीत पावसाने तोंड फिरवलं. एरवी दिवसाआड कोसळणारा, छत्री विसरलेल्याला हमखास गाठणारा पाऊस गेला तो गेलाच. सिंगापुरात बुकित पंजांगमागच्या टेकडीवर कॉलेजचे वाफे होते. तिथली लाल माती वरून भाजल्या विटेसारखी झाली आणि तिला चिरा पडू लागल्या. त्यातच खालच्या अंगाला ठेकेदाराने पत्रे ठोकले. कॉलेज पाडायचं होतं. इमारती पाडायच्या आधी त्याने वाफ्यांकडे जाणारी पाण्याची लाइन तोडली.

"पाणी तोडलं की आम्ही पीक सोडून जाऊ, असं वाटलं असेल त्याला," प्रबोध जगदाळे म्हणाले. कॅन्टीनच्या मागे चिखलाचे बूट धुवायचा एक नळ तेवढा चालू होता. त्याखाली त्यांनी पामतेलाचा रिकामा डबा सरकवला.

रविवार होता. बापलेक उजाडल्यापासून पाणी वाहत होते. नळापासून वाफ्यांपर्यंत चांगली चढण. उल्काच्या तळहातांना डब्याच्या कडीने वळ पडले होते. बाबांचा बनियन पाठीला चिकटला होता, मानेच्या वळ्यांत लाल धूळ बसली होती. चढ संपता संपता त्यांचा श्वास मोठ्याने वाजू लागला.

"बाबा, जरा टेका."

"थांबलं की पाणी हिंदकळतं. एका दमात जायचं." वर पोचल्यावर मात्र ते डबा ठेवून रांबुतानच्या बुंध्याला पाठ लावून उभे राहिले. "हां. आता टेकलो. खूश?"

राहुरीला शेतकी शिकून ते तरुणपणी सिंगापूरला आले आणि या टेकडीवर मास्तर झाले. झाडं कशी लावावीत, छाटावीत, जगवावीत, हे शिकवायचं काम. पोरं त्यांना 'मिस्टर जॅग' म्हणत. आता त्यांच्या वर्गाची ही शेवटची तुकडी होती. पुढच्या वर्षी सगळं कॉलेज दूर एका काचेच्या मोठ्या इमारतीत जाणार होतं आणि तिथे मातीला जागा नव्हती. कुंड्या आणि दिवे होते.

परीक्षेला थोडेच आठवडे उरले होते. या वर्गाची परीक्षा कागदावर नसे. बाहेरून परीक्षक येई, वाफ्यात उकिडवा बसे, बोट मातीत खुपसून ओल बघे, एखादं रोप मुळासकट उपटून पाही. उभ्या पिकावर गुण. त्या गुणांवर पुढे पॉलिटेक्निकचं दार उघडत असे. म्हणून पाणी.

फरहाना टोपी सावरत चढण चढून आली. हिजाबावर तिने शेतकरी घालतात तसली मोठी गवती टोपी बांधली होती. रविवारी यायची सक्ती नव्हती, तरी ती वुडलंड्सहून बस बदलून यायची. मागून वेई मिंग आला, लांब, हाडकुळा, झोप न झालेला.

"मिस्टर जॅग, माझी वांगी मान टाकून बसलीत."

"आधाराची काठी लावलीस?"

"उद्या लावणार होते."

"मग उद्या मान वर करतील."

वेई मिंग हसला. त्याने लावलेल्या 'काय लान' या पालेभाजीच्या पानांना गोगलगायींनी जाळी पाडली होती. बाबा त्याच्याकडे वळले. "तू काय दात काढतोस? तू भाजी लावलीस की गोगलगायींचं हॉटेल काढलंस?"

"फाइव्ह स्टार, सर," वेई मिंग म्हणाला.

"सिस, तुझे बाबा ऑलवेज लाइक दॅट वन, लाह," फरहाना उल्काला म्हणाली. उल्का चांगकोल उचलून सरीतली माती फोडू लागली. चांगकोल म्हणजे इथली रुंद पात्याची कुदळ. तिने पातं तिरकं धरून, मनगट सैल सोडून घाव घातला तसं फरहाना बघतच राहिली. "तुला कोणी शिकवलं?"

"घरी बघून बघून," उल्का म्हणाली. बाबांनी ऐकलं. ते मिरचीच्या वाफ्यातलं तण उपटत राहिले.

दुपारी कॅन्टीनच्या पायरीवर चहा झाला. बाबांनी कॉलेजची गोष्ट काढली तशी पोरांनी डोळे फिरवले. ती सगळ्यांना पाठ होती. आधी इथे कांपोंग, म्हणजे खेडं होतं, डुकरं पाळणाऱ्यांची घरं होती. घरं उठली, रांबुतान आणि ड्युरियनची झाडं राहिली. मग पत्र्याच्या शेड आल्या. शाळा सुटलेली चौदा-पंधरा वर्षांची पोरं इथे वेल्डिंग शिकली आणि जहाजांच्या गोदीत गेली. मग मुली आल्या, कारखान्यांत तारा जोडायला शिकल्या. मग सरकारला वाटलं, शहरात झाडं हवीत. झाडं तर लावली, पण ती छाटायची कोणी?

"आम्ही!" वेई मिंग आणि फरहाना एका सुरात म्हणाले.

"तुम्ही. एक्स्प्रेसवेवर सावलीतून जाताना ज्यांना एसी कमी करावासा वाटतो, त्यांना विचारा, ती सावली कुठे शिकली." बाबांनी कपातला गाळ कढीपत्त्याच्या आळ्यात ओतला. "आणि एलआरटीच्या गाडीत कोणी तुमचा कॉलेजचा हिरवा शर्ट बघून सरकून बसलं, तर पाय पसरून बसायचं. जागा मिळते."

संध्याकाळी घरी आई म्हणाली, "पायपुसण्यावरच सगळी टेकडी झटकताय का दोघं?" बाबांनी पाय धुतले, पिठलं-भात खाल्ला, उद्या काठ्या न्यायच्या म्हणून बाल्कनीतल्या बांबूंना दोरी गुंडाळली. तो दिवस एवढाच होता.

सोमवारी सकाळी ते बांबू खांद्यावर घेऊन निघाले आणि एलआरटीच्या जिन्यावर बसले. कोणीतरी त्यांना विचारलं, अंकल, ओके? ते ओके म्हणाले. गाडी आली, गेली. मग ते ओके नव्हते.

*

मांडईच्या स्मशानभूमीत दहन झालं. घरात माणसांची रीघ लागली. मराठी मंडळातली माणसं डबे घेऊन येत, चपला बाहेर ओळीने काढत, आईच्या शेजारी बसत. विनीता मावशी रोज येई. ती बँकेत मोठ्या हुद्द्यावर होती आणि मंडळात तिच्यावाचून पान हलत नसे. कुठलं झाकण कुठल्या डब्याचं, गुरुजी कोणते, सगळं तिच्या डोक्यात. उल्काला तिचा राग येत नसे. तिच्याशिवाय ते दिवस उभे राहिले नसते.

"प्रोफेसर माणूस," विनीता मावशी आल्यागेल्याला सांगे. आई मान हलवी.

उल्काला हे लहानपणापासून माहीत होतं. आई शनिवारी मंडळातल्या मुलांना मराठी शिकवायची. त्या मुलांचे आईबाप इंजिनियर, बँकर, मॅनेजर. त्यांच्यात नवरा टेकडीवरच्या कॉलेजात पोरांना कुदळ धरायला शिकवतो, हे आईने कधी सांगितलं नाही, नाकारलंही नाही. लोकांनी प्रोफेसर म्हटलं, तिने ते राहू दिलं. सोळाव्या वर्षी उल्काचं गणित गेलं. कादंबऱ्या उशाखाली ठेवून झोपणाऱ्या मुलीला ज्युनियर कॉलेज मिळेना, पॉलिटेक्निक मिळेना. बाबा म्हणाले, "माझ्या वर्गात ये." आईने मंडळात सांगितलं, पॉलीला गेली. उल्का घरून साध्या शर्टात निघे आणि कॉलेजच्या बाथरूममध्ये हिरवा घाली. वर्गात बाबांना सर म्हणे. दोन वर्षं. पुढे तिने नोकरी करत डिग्री केली, बुओना व्हिस्टाला शाळेची पुस्तकं काढणाऱ्या एका ऑफिसात संपादक झाली, आणि ती दोन वर्षं घरात कोणी उच्चारली नाहीत. बाबांनीही नाही. त्यांनी फक्त एवढं केलं, की रविवारी वाफ्यावर जाताना तिला हाक मारली.

बाबांना जाऊन तिसरा दिवस. उल्काने जुने बूट काढले.

"कुठे?" आईने विचारलं.

"टेकडीवर. पाणी नाही मिळालं तर पिकं जातील."

"सुतक आहे उल्के. घरात माणसं येतायत. कोणी विचारलं तर काय सांगू?"

"पाणी घालायला गेली म्हणून सांग."

"तुला लाज वाटत नाही का ग?"

"नाही," उल्का म्हणाली आणि बुटाची नाडी ओढून बांधली. आपण कशाला नाही म्हणालो, हे तिला बसमध्ये चढल्यावर उमगलं.

टेकडीवर पोरं आधीच होती. फरहाना डबे भरत होती, वेई मिंग चढण चढत होता. उल्काला बघून दोघं थांबली. मग फरहानाने एक डबा भरला आणि उल्काच्या हातात दिला. कोणी सॉरी म्हणालं नाही. त्या दिवसापासून उल्का रोज जाऊ लागली. मान भाजली, खांदे धरले. मातीला पाणी पाजताना ती आधी घेतच नसे, थेंब वरच्या वर गोळी होऊन ओघळत. थोडं घालायचं, थांबायचं, पुन्हा घालायचं. मिरचीला फुलं आली. वेई मिंगने गोगलगायी वेचून बादलीत भरल्या आणि अंतर मोजल्यासारखा चालत ठेकेदाराच्या पत्र्यापलीकडे नेऊन ओतल्या.

"आता त्याचं हॉटेल," तो म्हणाला.

एकदा कॅन्टीनमधल्या बाईने फरहानाला चिखलाच्या बुटांवरून हटकलं. कॉलेज पाडल्यावर इथे होणाऱ्या इमारतीचा आराखडा बघायला पाहुणे येणार होते, फरशी पुसली होती. फरहाना बूट काढून हातात घेऊन, मोज्यांवर चालत चहा घ्यायला गेली. परत येताना तिच्या मोज्याला भोक दिसत होतं. उल्काने आपलेही बूट काढले, हातात घेतले, चहा घेतला आणि दोघी फरशीवरून हळू चालत बाहेर आल्या. पाहुणे बघत राहिले.

*

मिस्टर लोह विभागाचे प्रमुख. पाच-सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या कॅम्पसवरून आलेले, मऊ बोलणारे, इस्त्रीचा शर्ट घालणारे. ते एका सकाळी टेकडीवर आले, वाफ्यांच्या कडेने बूट जपत उभे राहिले.

"मिस जगदाळे, तुमचं दुःख मी समजतो. म्हणून इतके दिवस डोळेझाक केली. पण ठेकेदाराने तक्रार केलीय. शेजारी मशीनं चालू होणार. नियम असा आहे, की वाफ्यांवर विद्यार्थी असतील तर आमच्या कॉलेजचा शिक्षक, नाहीतर आमच्या कॉलेजचं प्रमाणपत्र असलेलं मोठं माणूस हजर पाहिजे. जगदाळे होते. आता कोणी नाही. बाकीचे आधीच नव्या कॅम्पसवर गेले."

"परीक्षा?"

"पोरांना पास करू. आधीच्या गुणांवर. सगळ्यांना." त्यांनी हे भेट दिल्यासारखं सांगितलं. "आपल्या हॉलमध्ये जगदाळेंसाठी एक छोटी सभा ठेवतोय. तिथे जाहीर करीन. दुसऱ्या दिवशी ठेकेदार जमीन घेईल."

फरहाना काठीला वांग्याचं झाड बांधत होती. तिने दोरीची गाठ पूर्ण केली. "सर, फुकट पास म्हणजे पॉली नाही. पॉलीला उभ्या पिकाचे गुण लागतात."

"पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी पीक कुठे असेल, सर?" वेई मिंगने विचारलं.

मिस्टर लोह उतरणीला लागले. उल्का तिथेच उभी राहिली. तिच्या कपाटातल्या कपड्यांखाली ते प्रमाणपत्र होतं. तिने तोंड उघडलं असतं तर सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं. पण तोंड उघडायच्या आधी तिला आई आठवली.

संध्याकाळी आई तांदूळ निवडत बसली होती. इथे तांदळात खडे नसतात, तरी ती निवडायची. उल्का समोर बसली.

"आई, मी सांगणार आहे. माझ्याकडे प्रमाणपत्र आहे म्हणून."

आईचं बोट ताटात थांबलं. "कोणाला?"

"मिस्टर लोहना."

"विनीताला कळेल. सगळ्यांना कळेल. चौदा वर्षं मी त्यांना पॉली म्हणून सांगितलं. मी त्यांच्या मुलांना खरं बोलावं म्हणून शिकवते उल्के, शनिवारी, फळ्यावर लिहून." तिने ताट बाजूला सारलं. "हे गेले. आता माझ्यापाशी काय उरलंय? चार बायका येऊन बसतात, तेवढंच ना?"

उल्काने आईकडे पाहिलं. आईचे केस पुढून पांढरे झाले होते, तेल न लावल्याने उभे राहिले होते. बाबांच्या चपला अजून दाराशी होत्या आणि आईच रोज त्या सरळ करून ठेवायची.

"सांग," शेवटी आई म्हणाली. "पण हळूच सांग. त्यांच्या ऑफिसात जाऊन. चारचौघांत नको."

"बरं," उल्का म्हणाली. तिला ते खरंच बरं वाटलं. पोरांची परीक्षा होईल, आईची अब्रू राहील. सभेनंतर मिस्टर लोहना बाजूला घेऊन सांगायचं, असं तिने ठरवलं.

*

तेरावा होऊन गेल्यावर सभा झाली. हॉल जुना, पंख्यांचा. भिंतीवर कॉलेजचे जुने फोटो लावले होते. पत्र्याच्या शेड, वेल्डिंगचे चष्मे लावलेली पोरं, शिवणयंत्रांवर वाकलेल्या मुली. पुढच्या खुर्च्यांवर मंडळी बसली होती, साड्या, पांढरे झब्बे. आई मध्ये. मागच्या बाकांवर हिरवे शर्ट. पोरं थेट वाफ्यांवरून आली होती. हात घासून धुतले होते, तरी नखांच्या कडांना लाल माती होती. फरहानाने हात मांड्यांखाली घेतले होते.

मिस्टर लोह बोलले. जगदाळेंच्या कष्टांबद्दल बोलले, मग जाहीर केलं. योग्य माणूस नसल्यामुळे उद्यापासून वाफे बंद, पण मिस्टर जॅगच्या आठवणीत सगळा वर्ग पास. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मागून एकही टाळी आली नाही.

मग विनीता मावशी उठली. तिने पदर सावरला. डोळे खरेच ओले होते. ती इंग्रजीत बोलली, सगळ्यांना कळावं म्हणून.

"प्रोफेसर जगदाळे मोठ्या विद्यापीठात जाऊ शकले असते. पण ज्या मुलांना कुठेच जागा मिळत नाही, ज्यांच्याकडून कोणाचीच काही अपेक्षा नसते, अशा मुलांसाठी त्यांनी आयुष्य घातलं. हा त्यांचा त्याग. आणि तरी घराकडे दुर्लक्ष केलं नाही. स्वतःच्या मुलीला त्यांनी या मातीत लोळू दिलं नाही. पॉलीला घातलं, शिकवलं. आज ती पुस्तकं काढते. बाप असावा तर असा."

आईने मान हलवली. सवयीने हलवली आणि मध्येच थांबली.

उल्काने मागे पाहिलं. वेई मिंग आपल्या बुटांकडे बघत होता. फरहाना समोर बघत होती, ताठ, आणि तिचे कान लाल झाले होते. तिने मांड्यांखालचे हात आणखी आत घेतले.

उल्का उठली. सभेनंतर, ऑफिसात, हळूच, हे सगळं तिला आठवत होतं. पण पाय पुढे चालले होते. माइक तिच्या उंचीचा नव्हता, तो तिने खाली ओढला तेव्हा कर्रकन आवाज झाला. तीही इंग्रजीतच बोलली.

"मावशी, तुम्ही बाबांना जीव लावलात. पण ते प्रोफेसर नव्हते. ते मास्तर होते. आणि त्यांनी त्याग केला नाही. त्यांना हेच काम करायचं होतं."

हॉलमध्ये पंखे फिरत होते.

"मिस्टर लोह, तुम्हाला या कॉलेजचं प्रमाणपत्र असलेलं माणूस पाहिजे. मी आहे. मी पॉलीला गेले नाही. माझं गणित गेलं होतं. मला कुठे जागा मिळाली नाही, म्हणून मी इथे आले आणि या टेकडीवर दोन वर्षं शिकले. माझा पहिला वाफा मिस्टर जॅगनी सगळ्या वर्गासमोर मोडून टाकायला लावला. मी वरवर खणलं होतं. मुळांना खाली जायला वाट ठेवली नव्हती. मी दुसरा केला. तो पास झाला, फुकट नाही. ही मुलं मागच्या बाकावर बसलीत, त्यांना फुकट पास नकोय. परीक्षक येईपर्यंत मी रोज सकाळी वाफ्यावर हजर असेन. ठेकेदाराला सांगा, तोवर थांब."

मिस्टर लोहनी चष्मा काढला, परत घातला. "प्रमाणपत्र दाखवावं लागेल."

"दाखवीन. पण पोरं उद्या पाणी घालणार."

मागे कोणीतरी बाक वाजवला. मग दुसरा. विनीता मावशी अजून उभीच होती, तोंड अर्धवट उघडं. ती आईकडे वळून बघत होती. पुढची सगळी रांग आईकडे बघत होती. आईने पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. तिचा चेहरा त्या गर्दीत फार लहान दिसत होता.

उल्काने माइक सोडला. आता ती मराठीत बोलली, ते सगळ्यांना कळायची गरज नव्हती. पण तिने आवाज खाली आणला नाही.

"आई, बाबा वर्गात माझे सर होते. दोन वर्षं मी त्यांना सर म्हटलं आणि घरी येऊन गप्प बसले. तू म्हणालीस म्हणून नाही, मलाच धीर नव्हता. आज म्हणते. मी त्यांची विद्यार्थिनी आहे. ह्या कॉलेजची आहे. त्यांनी मला लाज वाटावी असं काहीही शिकवलं नाही."